एक सुट्टी, दोन पेशंट

बहिरू काकडचं आजारपण वाजतगाजत आलं. त्याच्या बायकोचं, चतुराबाईचं कधी आलं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

बहिरूच्या छातीत कळ आली तेव्हा तो मखमलाबादच्या पारावर चार माणसांत बसला होता. चौघांनी उचलून रिक्षात घातलं. पोरगा योगेश सातपूरच्या कंपनीतून डोक्यावर हेल्मेट नाही की पायात धड चप्पल नाही, असा धावत आला. दवाखान्याच्या दारात अर्धी भावकी जमली. हृदयाच्या नसेत जाळी बसवली, आणि तपासता तपासता रक्तात साखर निघाली, बीपीही निघाला. तीन आजार, तेही मोठ्या डॉक्टरांच्या तोंडून, सगळ्यांच्या साक्षीनं.

चतुराबाईला साखर त्याच्या आधीपासून होती. बीपी होता, थायरॉईड होता, आणि गुडघे तर कोणी आजारात धरतच नव्हतं. ते धरले तर तिचा एक जास्तच भरत होता, आणि हा हिशेब तिनं मनातल्या मनात कितीतरी वेळा केला होता. पण तिचे आजार एकेकटे आले, सरकारी दवाखान्याच्या रांगेत. सिस्टरनं गोळ्यांचा पुडा हातावर ठेवला, मागच्या बाईला पुढे बोलावलं. चतुराबाई पुडा कमरेच्या पिशवीत खोचून तशीच शेतात गेली. संध्याकाळी कोथिंबिरीच्या जुड्या बांधताना ती सुनेला म्हणाली होती, "मला बी साखर निघाली म्हणं." स्नेहल म्हणाली, "अगंबाई. आई, आता चहा बिनसाखरेचा घ्या." एवढ्यावर तो विषय मिटला.

दीड वर्षापासून मात्र घर बहिरूच्या आजारपणाभोवती फिरत होतं. त्याच्यासाठी जाड तळव्याचे बूट आले. ते घालून तो सकाळी पाटाच्या कडेनं फिरायला जायचा. तिथं त्याच्यासारख्याच जाळीवाल्या, बायपासवाल्या लोकांचा एक कंपू होता. घरी आला की ओट्यावर खुर्ची, खुर्चीवर उशी. स्वयंपाकघरात त्याच्या भाजीची पातेली वेगळी. लहानशी, झाकणाची, बिनमिठाची. चतुराबाई पहाटे आधी ती फोडणीला टाकायची, मग बाकीच्यांची कढई. त्या पातेलीत घरातलं कोणी चमचा बुडवत नसे. पेशंटचं आहे, एवढं म्हटलं की पुरे.

पेशंट हा शब्द त्या घरात एकाच माणसाचा होता.

बहिरूची बहीण भागीबाई वणीहून दर महिन्याला समाचाराला यायची. पिशवीत सफरचंदं, शहाळं, देवीच्या गडावरचा प्रसाद. खुर्चीजवळ बसून भावाच्या पाठीवरून हात फिरवायची. "दादा, किती उतरला रे तू." बहिरूही लगेच उतरायचा. आवाज बारीक करून सांगायचा, "रात्री दोनदा जाग येती." चतुराबाई गुडघ्यावर हात देत उठायची, चहा टाकायची. रात्री तिलाही जाग यायची. दोनदा नाही, पाचदा. साखरेनं लघवीला लागायचं. पण हे भागीबाईला सांगायला ती बसणार कधी? कप विसळेपर्यंत बाईच्या एसटीची वेळ व्हायची.

जाताना भागीबाई दारात म्हणायची, "वहिनी, दादाला जपा हां."

"जपते की, वन्सं," चतुराबाई म्हणायची आणि दार लावून घ्यायची. त्या आजारपणाचा तिला सवतीसारखा राग यायचा. सवत निदान स्वयंपाकाला तरी हात लावते, असंही एकदा तिच्या मनात येऊन गेलं.

सगळ्यात जास्त जळायची ती एका साध्या गोष्टीवर. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे नदीघाटावरच्या बाजारात ती भाजी घेऊन बसायची. बीपीची गोळी घेतली की तासाभरात लघवीला लागायचं, आणि घाटावर बाईमाणसानं जायचं कुठं? म्हणून बाजाराच्या दिवशी ती गोळीच घेत नसे. पाणीही घोटभरच. पूर्वी बहिरू सोबत असायचा तेव्हा तो खुशाल टेम्पोच्या मागं जाऊन यायचा, वर गार पाण्याची बाटली रिकामी करायचा. आता तर तो घरी, संडासापासून हाकेच्या अंतरावर, वेळेवर गोळी घेऊन बसलेला.

शेजारी बसणारी झुंबरबाई शेवंतीची फुलं विकायची. तिलाही साखर होती, तिचीही तीच तऱ्हा. झुंबरबाई म्हणायची, "आपण बाया म्हणजे उंट गं चतुरे."

"उंटाला तरी लोकं फोटो काढायला थांबत्यात," चतुराबाई म्हणाली होती, आणि दोघी पदर तोंडाला लावून हसल्या होत्या.

अशाच एका बुधवारी चतुराबाईच्या डोळ्यापुढं काळे धागे तरंगायला लागले. आधी तिला वाटलं, मेथीवर चिलटं आहेत. तिनं हात मारला. मग गिऱ्हाईकाच्या पांढऱ्या शर्टावर धागे, मग आभाळात. डाव्या डोळ्यापुढं तर जाळंच पसरलं होतं. झुंबरबाई म्हणाली, "उन्हानं होतंय." योगेश म्हणाला, "मोबाईल फार बघते का गं आई?" चतुराबाईकडे बटणाचा फोन होता.

पुढच्याच रविवारी गावातल्या मंगल कार्यालयात डोळ्यांचं शिबिर होतं. बहिरूचा नंबर स्नेहलनं आधीच लावला होता. त्याच्याबरोबर म्हणून चतुराबाई गेली, आणि रांगेत उभीच आहे तर तपासून घ्या म्हणून तिचाही नंबर लागला. बहिरूच्या डोळ्यांत काही नव्हतं. तिच्या डोळ्यांत तरण्या डॉक्टरणीनं दिवा मारला आणि पुन्हा दोन्ही डोळे तपासले.

"आजी, साखरेनं मागच्या पडद्यावर रक्त साचायला लागलंय. दोन्ही डोळ्यांत. पंधरवड्याच्या आत मोठ्या दवाखान्यात जाऊन लेझर करून घ्या. आता गेलात तर आहे ती नजर टिकेल. उशीर केला तर माझ्या हातात काही नाही, कोणाच्याच नाही. आणि एकट्या जाऊ नका. थेंब घातल्यावर दिसत नाही, सोबत माणूस लागेल."

चतुराबाई घाबरली. आणि खोटं कशाला बोला, त्या भीतीच्या पोटात एक गोड कळही उठली. आता आपलाही मोठा दवाखाना. आता आपल्याही सोबत माणूस.

जेवताना तिनं विषय काढला. योगेश हातावर हात चोळत म्हणाला, "आई, मला महिन्यात एकच सुट्टी मिळते. ती पुढच्या गुरुवारी नानांच्या चेकअपला ठेवलीय. स्नेहलच्या शाळेत परीक्षा आहेत. तुझं पुढच्या महिन्यात करू ना?"

"नाना येतील की माझ्यासंग."

"नानांना कसं पाठवणार? हार्ट पेशंट आहेत ते."

बहिरू भाकरी मोडत होता. त्यानं मान खाली घातली, जशी पेशंटनं घालावी.

इथं चतुराबाईनं काय म्हणायला हवं होतं ते तिला ठाऊक होतं. पण तोंडातून निघालं ते नेहमीचंच. "राहू दे मग. माझं काय, होईल नंतर." आणि ते बोलून झाल्याबरोबर तिला स्वतःच्या जिभेचाच इतका राग आला, की हातातला घास तिनं ताटात परत टाकला. तिनं बहिरूच्या ताटाकडे पाहिलं. निवांत जेवत होता. रोज सकाळी पाटाच्या कडेनं कोस कोस चालणारा माणूस सिटी बसमध्ये बसून डोळ्याच्या दवाखान्यात येऊ शकत नाही? ह्या माणसाला ह्या वेळी नुसतं विचारायला जायचं होतं. सगळं बरं आहे, गोळ्या चालू ठेवा, हे ऐकायला. मागच्या खेपेलाही तेच ऐकलं होतं. ती तेव्हाही योगेशच्या चारचाकीत मागच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन गेली होती.

बुधवारी बाजारात तिनं झुंबरबाईला सांगितलं. झुंबरबाईनं फुलांवर पाणी मारता मारता विचारलं, "मग तू काय करणार?"

"काय करू?"

"मला काय इचारती? डोळा तुझा हाय. माझा नवरा गेला तेव्हापासून माझी लेक मला नेती. तो होता तोवर मला कोणी दवाखान्याची पायरी नाय दाखवली. तो गेला आन् मी आजारी पडले, असं म्हणत्यात लोकं. मी आजारी होतेच गं. कोणी बघितलं नाय एवढंच."

"मंग आता नवरा मरायची वाट बघू का?"

"त्यो जाळी बसवलेला गडी हाय, तुझ्या आधी नाय मरायचा."

ह्यावर मात्र चतुराबाईला हसू आलं नाही. डाव्या डोळ्यापुढचं जाळं दाट झालं होतं. समोर मांडलेल्या मेथीत आणि शेपूत तिला फरक वासानं करावा लागत होता.

गुरुवारी सकाळी योगेशनं दारात गाडी लावली. बहिरू बूट बांधून, केसाला तेल लावून ओट्यावर आला, तर पुढच्या सीटवर चतुराबाई बसलेली. धुवट हिरवं लुगडं, मांडीवर पिशवी, आणि बेल्टसुद्धा लावलेला. बेल्ट कसा लावतात ते तिनं दीड वर्ष मागून पाहिलं होतं.

"अगं, तिथं नाना बसतात," योगेश म्हणाला.

"माहितीय. मीच बसवते त्यांना."

"मग?"

"आज डोळ्याच्या दवाखान्यात जायचं. तुझ्या नानांना तिकडं फोन करून दुसरी तारीख घे. ते कुठं पळून चाललेत?"

बहिरूनं गाडीच्या दारावर हात ठेवला. "आन् तोवर मला काय झालं म्हंजी?"

"काल पाटावर काय झालं का? परवा झालं का? आज बरं होईल."

"योग्या, सांग तुझ्या आईला."

योगेशनं आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं. चतुराबाई काचेतून समोर बघत होती, आणि तिचा हात बेल्टच्या बक्कलवर असा दाबून ठेवलेला होता, जणू कोणी येऊन तो काढणार आहे. "दिसंना झालंय मला," ती हळूच म्हणाली. "हा रस्ता बी अर्धा दिसतोय."

योगेशनं मागचं दार उघडलं. बहिरू थोडा वेळ ओट्याशी घुटमळला. घरी राहावं तर त्याचा समाचार घ्यायला आज कोणीच नव्हतं, स्नेहल शाळेत गेलेली. शेवटी तो बुटांसकट मागं जाऊन बसला. चतुराबाईनं वळून न बघता सीट थोडी मागं सरकवली. त्याच्या गुडघ्यांना लागली असणार. तिनं विचारलं नाही.

दवाखान्यात शिरल्या शिरल्या काउंटरवरची मुलगी बहिरूकडे बघून म्हणाली, "या बाबा, बसा. काय त्रास होतोय?"

"मला नाय," बहिरू म्हणाला. हे म्हणताना त्याचा चेहरा असा झाला, जसं कोणी त्याची जागा दुसऱ्याला दिली. "हिला."

थेंब घातल्यावर चतुराबाईपुढचं सगळं विरघळलं. माणसांचे नुसते रंग राहिले. ती बाकावर बसून राहिली आणि शेजारी बहिरूचा आवाज ऐकत राहिली. तो एका म्हाताऱ्याला सांगत होता, "मला जाळी बसवलीय. डॉक्टर म्हणले, अर्धा तास उशीर झाला असता तर..." म्हातारा च्‌ च्‌ करत होता. पलीकडची एक बाईही त्यात सामील झाली. कोणी विचारलं, मीठ बंद का? साखर किती? बहिरू खुलला. डोळ्याच्या दवाखान्यात, हिच्या नंबराला, तिथंही त्याचाच दरबार भरला. चतुराबाईला वाटलं, डोळ्यांऐवजी कान गेले असते तर परवडलं असतं.

"अहो," ती म्हणाली, "तुमची जाळी मी झोपेत बी सांगू शकते. जरा गप बसा."

बहिरू तिच्याजवळ सरकला आणि इतरांना ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "तुला वाटतं मला हौस हाय."

"नाय का?"

"शेतात गेलो तर योग्या म्हणतो, नाना तुम्ही बसा. भाजीची पाटी उचलाया गेलो तर तू वरडती. तू बाजारात जाती, लोकं तुला हाक मारत्यात. मला कोणी कामाला इचारत नाय. आता हे आजारपण बी कोणी इचारलं नाय तर मग मी काय, भिंतीवरचा फोटो?"

चतुराबाईला हे नवीन होतं. तो तिच्या पाटीवर जळतो, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. तिला थोडी दया आली. पण पाटीखाली मान दुखते ती तिची, गुडघे जातात ते तिचे. त्यामुळे दया फार वेळ टिकली नाही.

तिघंही आत गेल्यावर डॉक्टरांनी आधी बीपी घेतला. यंत्रानं दोनदा तोच आकडा दाखवला. "एवढ्या बीपीत लेझर नको. गोळी देतो, अर्धा तास पडून राहा. आजी, गोळ्या रोज घेता?"

"बाजाराच्या दिवशी नाय घेत."

"का?"

चतुराबाईनं आवाजाच्या दिशेनं पाहिलं. योगेश शेजारीच होता. पोरापुढं कसं सांगावं? पण आज ती पुढच्या सीटवर बसून आली होती. "त्यानं लघवी लागती. बाजारात बायांना जागा नाय."

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. "आणि मीठ?"

आपल्या ओळखीचा प्रश्न आल्यावर बहिरूला राहवलं नाही. "मीठ आमच्याकडं बंद हाय साहेब. दीड वर्ष झालं. बिनमिठाची भाजी असती घरात."

"वा. मग आजी, तुम्हीही तीच खाता ना?"

"नाय. ती ह्यांची."

"म्हणजे?"

"ह्यांची पातेली येगळी असती. पेशंटची. मी बाकीच्यांबरोबर कढईतली खाते."

"पण तुम्हालाही बीपी आहे."

"हाय की. ह्यांच्या आधीपासून."

"मग ती भाजी तुम्ही का खात नाही?"

रोज पहाटे ती पातेली चतुराबाईच्याच हातानं चुलीवर चढत होती. चार वांगी जास्त चिरली असती तर झालं असतं. तिनं त्या पातेलीचा हेवा केला होता, रागानं झाकण आपटलं होतं, पण ती आपल्याही कामाची आहे हे तिच्या मनाला शिवलं नव्हतं. स्नेहलच्या नाही, योगेशच्या नाही, दीड वर्ष समोर बसून ती खाणाऱ्याच्याही नाही.

"ती एकट्यापुरतीच असती," ती शेवटी म्हणाली.

बहिरूनं पाय मागं घेतले, बूट फरशीवर वाजले.

अर्ध्या तासानं बीपी उतरला. आज उजव्या डोळ्याचं लेझर झालं. हिरवा प्रकाश टोचत राहिला, डोळ्यात सुया घातल्यासारखा. चतुराबाई खुर्चीचे हात धरून बसली. उजवा डोळा वेळेवर आला होता. डाव्या डोळ्यातलं जे गेलं ते परत येणार नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. उरलेलं टिकवायचं तर तीन आठवड्यांनी डाव्याचं लेझर, तारीख चुकवायची नाही.

योगेशनं मोबाईल काढला. "तीन आठवडे म्हणजे... सर, आज मी नानांची तारीख पुढं ढकललीय, ती त्याच आठवड्यात आली. मला सुट्टी एकच मिळेल." तो आईकडे बघत होता. सवयीनं तिच्याच तोंडून सुटका व्हायची वाट बघत होता.

चतुराबाईला पोराचा चेहरा दिसत नव्हता. त्यामुळे सोपं गेलं. "माझा डोळा," ती म्हणाली. "त्यांचं त्यांनी बघावं."

"मी जाईन माझा रिक्षानं," बहिरू म्हणाला. मग घसा साफ करून, "नायतर असं करू. योग्याची सुट्टी राहू दे. हिच्यासंग मीच येतो, सिटी बसनं. माझ्या चेकअपला ही येईल."

तारीख लिहिणारी सिस्टर कौतुकानं म्हणाली, "बघा, आजोबा किती काळजी घेतात. ह्या वयात असे मिस्टर मिळायला नशीब लागतं आजी."

चतुराबाईच्या अंगाचा नुसता भडका उडाला. दीड वर्ष ती ह्या माणसाच्या मागं दवाखाने चढली, डबा धरून बाकड्यावर बसली. एका सिस्टरनं कधी त्याला म्हटलं नाही, की बायको मिळायला नशीब लागतं. आणि हा, अजून बसमध्ये पायही ठेवला नाही, तर लगेच शाबासकी. आता ही गोष्ट पाटावर जाणार, वणीला जाणार. बहिरूकडून मंद हसल्याचा आवाजही आला.

"सिस्टर," ती म्हणाली, "अजून आले नायत ते. आल्यावर म्हणा." मग तिनं हात पुढं केला, हवेतच. "हसू नका. हात धरा. मला पायऱ्या दिसत नायत."

बहिरूनं हात धरला. त्याला तो नीट धरता येत नव्हता. कधी मनगट, कधी कोपर. "सावकाश," तो म्हणाला, "हितं पायरी हाय." मागून योगेश म्हणाला, "आई, मी येऊ का?"

"नको," चतुराबाई म्हणाली. "गाडी काढ तू."

जिन्यात गर्दी होती. लोक बाजूला होऊन वाट देत होते, कोणी विचारत होतं, आजींना काय झालं? बहिरू सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं त्याचं बोट दाबलं आणि स्वतःच सांगायला लागली. साखरेपासून सुरुवात केली. आणि सांगता यावं म्हणून ती पायऱ्या मुद्दाम हळूहळू उतरली.